फुकटाचं मोल

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण हसत म्हणतो, पण फुकटात काही चांगलं मिळेल यावर विश्वास ठेवत नाही. ऑकलंड फिलहार्मोनिया या आपल्या शहराच्या वाद्यवृंदाचा मोफत कार्यक्रम म्हटला, की हेन्डरसनमधली आपली मंडळीही विचारतात, “तिकीट नाही? मग काय वाजवणार?”

1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी दरबारातलं गाणं तिकीट लावून लोकांपुढे आणलं. त्या तिकिटाने गवयाला मान मिळाला. मग तिकीट काढून टाकलं की तो मान जातो का?

मला नाही वाटत. मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. 2008 च्या कायद्याने ऑकलंडमधल्या कौन्सिलांना या वाद्यवृंदाच्या खर्चाचा वाटा उचलावा लागला. म्हणजे हेन्डरसनकरांच्या रेट्समधले चार पैसेही त्या व्हायोलिनपर्यंत पोचलेच. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात असंच वर्गणीतून गाणं होतं. गवयाला बिदागी मिळते, आणि वर्गणी न देणाराही पुढे बसून ऐकतो.

दार उघडं ठेवणं हे वाद्यवृंदाचं काम. वेळेवर जाणं, फोन बंद ठेवणं, शेवटपर्यंत मन लावून ऐकणं हे आपलं. मंडळी, एवढं तिकीट मात्र प्रत्येकाने काढायलाच हवं!