मुदत आणि थकबाकी

ऑक्टोबरच्या अखेरीस कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेबाहेर घटकाभर उभे राहावे, म्हणजे सत्रान्ताची धास्ती कशी असते हे कोणी सांगावे लागत नाही. काखेत जर्नल, जर्नलात खुपसलेले आलेखाचे कागद, बोटांना शाई, आणि ज्यांची सही हवी ते सर या घटकेला कोणत्या वर्गावर आहेत याची एकमेकांत चौकशी, अशा अवस्थेत पंधरा-वीस मुले तेथे तिष्ठत असतात. त्यांच्या बोलण्यात विषयाचे नाव क्वचितच निघते, निघतात ते सबमिशन, वायवा, इंटर्नल आणि हॉल तिकीट हेच शब्द. तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविण्यात घालविल्यावर माझे असे मत झाले आहे की, या दिवसांत विद्यार्थ्याच्या मनावर जे दडपण येते ते विषयाच्या काठिण्याचे क्वचित आणि थकबाकीचे बहुधा असते. आणि कुळाला थकबाकीच्या तगाद्यातून सोडविण्याचा जो मार्ग, तोच येथेही काही अंशी उपयोगी पडतो.

पूर्वी परीक्षेचे भय नव्हते असे कोणी म्हणू नये. १८७५ च्या सुमारास धोंडो केशव कर्वे मुरुडहून पायी घाट चढून साताऱ्यास परीक्षेला गेले आणि वय सतरा वर्षांचे दिसत नाही एवढ्याच सबबीवर त्यांना परत फिरावे लागले, हा प्रसंग महाराष्ट्राला परिचित आहे. त्या परतीच्या वाटेवर त्या मुलाचे मन किती खिन्न झाले असेल हे सांगणे नलगे. परंतु ते भय एका दरवाजाचे होते. वर्षाच्या शेवटी एकदा तो दरवाजा उघडे किंवा बंद राही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४९ च्या अहवालात, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षापद्धतीची सुचवू, अशा आशयाचे जे मत नमूद केले, त्याच्या मुळाशी या एका दरवाजाविषयीचे असमाधान होते, आणि सत्रपद्धती व अंतर्गत मूल्यमापन यांनी त्याच्या जागी अनेक लहान लहान फाटके बसविली ती सद्धेतूनेच.

कागदावर हा हिशेब मोठा समंजस दिसतो. एका श्रेयांकास पंधरा तासांचे अध्यापन, प्रात्यक्षिक असल्यास तीस तास, आणि सत्रास सुमारे बावीस श्रेयांक, अशी ती विभागणी आहे; ती पंधरा आठवड्यांवर सारखी पसरली असती तर तक्रारीस जागा नव्हती. प्रत्यक्षात प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, मग गणपती येतात, नवरात्र येते, मधल्या काळात प्राध्यापकांना अन्य परीक्षांची कामे लागतात, आणि सत्राचा मोठा भाग असा ओसरून गेल्यावर शेवटच्या पंधरवड्यात सहा विषयांचे सहा अध्यापक आपापली वसुली एकदम सुरू करतात. यांतील एकेकाची मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर रास्तच असते. परंतु सहा रास्त मागण्या एकाच गुरुवारी एकाच मुलावर येऊन आदळतात, हे सहांपैकी कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ते त्या मुलालाच तेवढे दिसते, आणि त्याला वाटते की दोष आपलाच.

भाषेतही याची साक्ष सापडते. ‘एटीकेटी’ या इंग्रजी आद्याक्षरांचा मूळ अर्थ पुढील सत्र भरण्याची मुभा असा आहे. ती सवलत आहे. पण मुलांच्या तोंडी ‘केटी लागली’ असाच प्रयोग ऐकू येतो. मराठीत आग लागते, दृष्ट लागते, ठेच लागते, धान्याला कीड लागते. सवलत मिळते, ती लागत नाही. त्या एका क्रियापदात मुलांनी आपले सारे भय ओतले आहे, आणि अध्यापकांनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखे केले आहे.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वसतिगृहात राहणारी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, “सर, सगळंच राहिलंय.” सगळे म्हणजे काय काय, हे मात्र तिला सांगता येईना. मी तिला आत बोलावले, मोरीजवळच्या स्टुलावर बसविले आणि नोंदीच्या एका कोऱ्या कागदावर राहिलेली कामे एकाखाली एक लिहावयास सांगितली. तिला पंधरा मिनिटे लागली आणि अकरा ओळी झाल्या. त्यांतील दोन कामे पुरी झालेलीच होती, फक्त सही बाकी होती. तीन कामांची मुदत परीक्षेनंतरची निघाली. एक काम तिच्या गटातल्या दुसऱ्याच मुलाकडे होते. उरली पाच, आणि त्या पाचांतली दोनच त्या दिवसाची. ओझे पाच कामांचे होते, पण ती वाहत होती ते ‘सगळ्या’चे, आणि ‘सगळे’ या शब्दाला आकडाही नसतो आणि शेवटही नसतो. कागदाची घडी करून ती गेली तेव्हा तिचे एकही काम कमी झालेले नव्हते, तरी तिचा आवाज पूर्ववत झाला होता.

मुलांना ज्याविषयी अगदी कळकळीने सांगावेसे वाटते ती गोष्ट झोपेची. ‘नाइट मारणे’ हा पुरुषार्थ समजला जातो. पण झोप हा विद्यार्थ्याच्या सर्वांत निकटचा सावकार आहे, जो मागताक्षणी देतो, तारण विचारीत नाही आणि परीक्षेच्या सकाळीच व्याज वसूल करतो. वाचलेले स्मृतीत स्थिरावण्याचे पुष्कळसे कार्य निद्रेतच घडते, ही गोष्ट आता पुरेशी सिद्ध आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच, निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून पाहून, एका बैठकीत रेटलेल्या उजळणीपेक्षा अनेक दिवसांवर विखुरलेली उजळणी थोड्या श्रमात साधते, असे दाखवून दिले होते. चार दिवस हाताशी असतील तर ते चार विषयांना एकेक असे वाटून टाकण्यापेक्षा प्रत्येक विषयाला रोज थोडे देणे आणि रात्री बाराला दिवा मालविणे, हेच फायद्याचे.

हे सर्व सामान्य ताणाविषयी झाले. ज्याला आठवडाभर झोप नाही, ज्याच्या गळ्याखाली डबा उतरत नाही, आपण नसलो तर बरे असे ज्याच्या मनात येऊ लागले आहे, त्याला याद्या आणि वेळापत्रके देणे हा निर्दयपणा होईल. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाची नोंद आहे. प्रत्येकामागील कारण निराळे असणार, पण त्यांतल्या अनेकांच्या शेजारच्या खाटेवर कोणीतरी झोपलेले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. अशा मित्राला एकटे सोडू नये, त्याच्या घरी आणि एखाद्या अध्यापकाच्या कानी ती गोष्ट घालावी. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते, तो क्रमांक वसतिगृहाच्या दारावर ठळक अक्षरांत असावा. मित्राचे गुपित फोडल्याचा ठपका आला तरी तो घ्यावा.

आणि आता आम्हा अध्यापकांविषयी. मीही कित्येक वर्षे सर्व जर्नले शेवटच्याच आठवड्यात तपासावयास मागवीत असे. एका वर्षी एका मुलाच्या जर्नलात लंबकाच्या प्रयोगाचा आलेख असा निघाला की त्यातले आठही बिंदू सरळ रेषेवर तंतोतंत बसलेले होते. खऱ्या प्रयोगात असे कधीही होत नाही. हात हलतो, वारा लागतो, घड्याळ उशिरा दाबले जाते. त्याने तो प्रयोग केलेला नव्हता हे मला कळले, मला कळले हे त्यालाही कळले, आणि बाहेर रांग होती म्हणून मी सही केली. त्या सहीची मला आजही खंत वाटते, कारण खोटे लिहिण्याची पाळी त्याच्यावर माझ्याच वेळापत्रकाने आणली होती.

पुढील जूनमध्ये मी विभागाच्या बैठकीत सर्व विषयांच्या मुदती एकाच तक्त्यावर मांडण्याची सूचना केली. ती मान्य व्हावयास दोन वर्षे गेली. माझ्या हातात होते तेवढे मी त्याच वर्षी केले: जर्नल दर पंधरवड्यास, शनिवारी दुपारी, प्रयोगशाळेतच तपासू लागलो. माझे शनिवार त्यात गेले. परंतु आलेखातला एखादा बिंदू रेषेपासून फारच दूर पडला तर मुलाला लगेच उठून पुन्हा मोजून पाहता येई, कारण लंबक अजून खुंटीला टांगलेलाच असे.