उन्हावर धरलेला पदर

खिडकीपाशी शांत बसा. मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवा. पट्ट्याखालची कातडी फिकट, तिच्या दोन्ही कडांना हात गडद. नुसतं पाहा. चांगलं-वाईट काही ठरवू नका.

एक सावकाश श्वास घ्या. आता नजर आत उतरू द्या. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी बसल्या आहेत. प्रत्येकीला बारीक फांद्या फुटलेल्या. मेलॅनिनचे कण ती तयार करते आणि त्या फांद्यांवाटे शेजारच्या 30-40 पेशींना वाटते.

त्या पेशी हे कण कुठे ठेवतात? केंद्रकावर, उन्हाच्या बाजूला, टोपीसारखे. कारण केंद्रकात डीएनए आहे आणि उन्हातले अतिनील किरण त्याला इजा करतात.

इथे जरा थांबा. एप्रिलच्या दुपारी एसटीची वाट पाहणारी एखादी आई आठवा. कडेवरच्या बाळाच्या डोक्यावर ती पदर ओढते. ऊन सरकलं की पदरही सरकवते. तसाच पदर या क्षणी तुमच्या हातावर लाखो ठिकाणी ओढलेला आहे.

गोरा असो की काळा, रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक कणांचा: किती, केवढे, कोणत्या जातीचे. कडक उन्हाच्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांचा पदर दाट झाला. दूर उत्तरेला ऊन कोवळं. ड जीवनसत्त्वासाठी ते कातडीत शिरायला हवं, म्हणून तिथे तो विरळ झाला. कोड असलेल्या कातडीवर रंगपेशीच उरत नाहीत. पदर गेला, माणूस होता तेवढाच आहे. त्याचा हात हातात घ्या. कोड स्पर्शानं पसरत नाही.

आता कधीतरी कानावर पडलेलं एक वाक्य आठवा: ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.’ त्यातल्या ‘पण’पाशी थांबा. तो ऐकणारीच्या मनात किती वर्षं रुतून बसला असेल? ज्या रंगानं जन्मभर तिच्यावर सावली धरली, त्याच्याबद्दल आपण माफी मागितल्यासारखं बोललो.

तेच वाक्य ‘पण’ गाळून मनात म्हणा. सावळी आहे. नाकीडोळी नीटस आहे.

घड्याळ इतक्यात बांधू नका. त्या फिकट पट्टीवर सकाळचं ऊन पडू द्या. असं ऊन रोज मिळालं, तर काही दिवसांत तिथेही पदर ओढला जाईल.