बाप्तिस्मा आणि आईबापांचें ऋण

प्रभूच्या नांवासाठीं ज्यांनीं घरदार सोडलें, त्यांच्या कथा आपण मंडळींत पुष्कळ ऐकतों. त्या ऐकून विश्वास दृढ होतो, यांत संशय नाहीं. परंतु त्या कथांत एक माणूस बहुधा दाराआडच राहतें. जो बाप्तिस्मा घेतो तो आपला वधस्तंभ आपण होऊन उचलतो. त्याच दिवशीं त्याच्या आईच्या खांद्यावरही एक वधस्तंभ येतो, आणि तो तिनें मागितलेला नसतो. भाऊबंद तिला टोंचून बोलतात, धाकटीच्या सोयरिकीला अडचण पडते, पाणवठ्यावर बायका अबोला धरितात. मुलानें सत्य जाणून हें सोसलें. आईनें तें कशाच्या आधारानें सोसावें?

मत्तयाच्या दहाव्या अध्यायांत प्रभूनें तरवारीची गोष्ट काढली आहे. कांहीं बंधु तें वचन असें उच्चारितात, कीं जणूं ती तरवार त्यांच्याच हातीं दिली आहे. आमच्या समजुतीप्रमाणें शिष्यानें ती सोसावयाची आहे, चालवावयाची नाहीं. आईबापांस द्यावयाचें तें देवाला कुर्बान झालें, असें म्हणून हात आखडणाऱ्यांस पाठीशीं घालणारे परूशी व शास्त्री यांना प्रभूनें किती कडक शब्दांनीं दोष दिला, हें मार्काच्या सातव्या अध्यायांत पाहावें. आपल्यांत कुर्बान हा शब्द कोणी काढीत नाहीं. "त्यांनींच आम्हांला टाकलें," एवढें म्हटलें म्हणजे झालें! धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडत नाहीं, असें १८५० सालच्या कायद्यानें ठरलें. त्याच्या आधारें शेतांतला वांटा मागणें न्याय्यच होतें. परंतु हक्क राहिला, तर म्हाताऱ्या आईला धान्य घालण्याचें कर्तव्य कोठें गेलें? "ती आमच्या हातचें घेत नाहीं," असें उत्तर मिळतें. शिजलेलें घेत नसेल; जोंधळ्याचें पोतें ओसरीवर ठेवून यावें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंना ती वार्ता मागाहून कळली. त्यांनीं काय भोगलें, तें 'स्मृतिचित्रें' वाचणारास ठाऊक आहे. त्यांना आधीं सांगावयास हवें होतें, असें आम्हांस वाटतें. टिळकांविषयींचा आमचा आदर त्यानें उणा होत नाहीं. पुढें त्या नगरास पतीजवळ आल्या, त्या आपलें सोवळें संभाळून. टिळकांनीं जबरी केली नाहीं. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या मनानें.

बाप वारला म्हणजे प्रश्न फार कठीण होतो. पिंड देणें, क्षौर करणें हें आमच्यानें होणार नाहीं, असें स्पष्ट सांगावें. पण तें प्रेत दारांत असतां नव्हे, बाप जिवंत असतांनाच सांगून ठेवावें. तिरडीला खांदा द्यावा, लांकडें वाहावीं, खर्चाचा वांटा उचलावा. खांदा देऊं देत नसतील, तर मागून चालावें. कोणी उपदेशक अशा वेळीं गांवाबाहेर निघून जाण्याची मसलत देतात. ती आम्हांस मान्य नाहीं.

आमच्याकडे कोणी तरुण बाप्तिस्मा मागूं आला, म्हणजे दहा आज्ञा विचारण्याआधीं आम्ही विचारितों, "घरीं सांगितलेंस काय?" नसेल सांगितलें, तर त्याला परत पाठवितों. (जिवाची भीति असेल, तर गोष्ट वेगळी.) कित्येक पुन्हां येत नाहींत, आणि याबद्दल आमचे सोबती आम्हांस दोष देतात. एकजण तीन आठवड्यांनीं आला. बापानें घराबाहेर काढलें होतें. आईनें मागल्या दारानें दिलेली भाकरी त्याच्या फडक्यांत होती. ती त्यानें अजून मोडली नव्हती.