गल्लीतले जाळे कोणाचे?

गारखेडा परिसरातले पुंडलिकनगर ज्या रीतीने वसले, ती रीत तेव्हाच्या औरंगाबादच्या विकास आराखड्यात बसत नव्हती. शेजारी सिडकोची वसाहत आखून, रस्ते सोडून, क्रमांक देऊन उभी राहत होती. इकडे शेतजमिनीचे तुकडे पडत होते आणि वीस बाय तीसचे प्लॉट बाँडपेपरवर विकले जात होते. माणसे कारखान्यांतल्या नोकरीसाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी गावाकडून यायची, आधी एक खोली बांधायची आणि मग नळ, लाइट, ड्रेनेज मागत बसायची. रस्त्यावर मुरूम पडायचा तो गल्लीने वर्गणी काढल्यावर. याला गुंठेवारी म्हणतात. २००१मध्ये राज्य सरकारने या वसाहतींसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १ जानेवारी २००१पर्यंतची बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची वाट काढली. २०२१च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत नेली. या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण त्यामागची समजूत मला मोलाची वाटते. लोक आधी राहायला येतात, नियम मागून येतो, आणि तो आल्यावरही घर राहणाऱ्याचेच राहते.

आपल्या देशातल्या घरगुती संगणकांच्या पहिल्या जाळ्यांना असा कायदा मिळाला नाही. ती जाळीही गुंठेवारीसारखीच, कोणाच्या आराखड्यात नसलेली, वापरणाऱ्यांनी पदरमोड करून उभारलेली होती. त्यांना नियमित करण्याऐवजी आपण त्यांना परवडणार नाही अशी किंमत सांगितली. त्या चुकीचे परिणाम आज पुंडलिकनगरच्या गल्लीतही दिसतात, असे माझे म्हणणे आहे.

ही जाळी चालत कशी, हे आज सांगावे लागते. फेब्रुवारी १९७८मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी एका संगणकाला फोनची लाइन जोडली. कोणीही तो नंबर फिरवून आपला मजकूर त्यावर ठेवू शके आणि दुसऱ्याचा वाचू शके. बुलेटिन बोर्ड, म्हणजे बीबीएस, तो हा. एका लाइनवर एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांना एंगेज टोन. १९८४मध्ये टॉम जेनिंग्ज याने असे सुटे बोर्ड एकमेकांना जोडण्याची ‘फायडोनेट’ नावाची पद्धत काढली. दिवसभर जमलेली पत्रे प्रत्येक बोर्ड रात्री, कॉल स्वस्त झाल्यावर, पुढच्या बोर्डाला फोन करून देई, तो त्याच्या पुढच्याला. मध्यवर्ती कार्यालय नाही, मालक कंपनी नाही.

वेगाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २४०० बिट प्रति सेकंदाचा मोडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरे नेतो. ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी, म्हणजे पडदाभर मजकूर, भरायला आठ सेकंद लागत. ओळी एकेक करून वरून खाली उमटत जात, वाचणाऱ्याची नजर त्यांच्या पुढे जाऊन थांबे. १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी भरेल एवढा मजकूर आणायला पावणेदोन तास, आणि तेवढ्या वेळात घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीतला पॅरलल फोन उचलला की मोडेमची किरकिर बंद, लाइन तुटलेली, सगळे पुन्हा पहिल्यापासून. ज्या देशात ‘ओन युवर टेलिफोन’ (ओवायटी) योजनेत आगाऊ पैसे भरूनसुद्धा फोनसाठी वाट पाहावी लागे, तिथे घरची लाइन रात्रभर अनोळखी लोकांसाठी मोकळी ठेवणे ही चैन नव्हती. ती एक प्रकारची सार्वजनिक सेवाच होती.

असे लोक आपल्याकडे होते. मुंबईत ‘लाइव्ह वायर’ हा बोर्ड चालत होता. बंगळुरात अतुल चिटणीस यांनी ‘सीआयएक्स’ चालवला. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकातल्या त्यांच्या सदरातून एका पिढीला मोडेम म्हणजे काय हे समजले. पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत त्यांचे नाव झाले आणि २०१३मध्ये ते गेले. बोर्ड चालवणाऱ्याला सिसॉप म्हणत. भांडण सोडवणे, नव्या माणसाला पहिले पत्र कसे लिहायचे ते दाखवणे, व्हायरस लागलेली फाइल काढून टाकणे, ही सगळी कामे त्याची. भाषा अर्थातच इंग्रजी, किंवा रोमन लिपीत कसेबसे लिहिलेले मराठी. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड देवनागरी पडद्यावर आणत होते, पण ते समोरच्याकडेही असल्याशिवाय पत्राचा उपयोग नव्हता.

सरकारी जाळी याच काळात वाढत होती. १९८६मध्ये अर्नेट सुरू झाले, त्यात आयआयटी आणि मुंबईचे एनसीएसटी यांसारख्या संस्था होत्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निकनेटने जिल्ह्याची मुख्यालये उपग्रहामार्फत दिल्लीशी जोडायला घेतली. या कामाला मी कमी लेखत नाही, ते मोठेच होते. पण निकनेटची रचनाच अशी की जिल्ह्यातून निघालेली माहिती आधी दिल्लीला जाई. अहवाल वर पाठवायला ते जाळे उत्तम होते. बीडच्या शिक्षकाने जालन्याच्या शिक्षकाला काही विचारावे, ही गोष्ट त्याच्या खिजगणतीत नव्हती. आडवे बोलण्याची सोय होती ती फक्त त्या हौशी बोर्डांवर.

आणि घाव पडला तो नेमका त्यांच्यावरच. १८८५च्या भारतीय तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता. त्याच्या आधाराने १९९४च्या सुमारास दूरसंचार खात्याने बीबीएस चालवणाऱ्यांसाठी वर्षाला १५ लाख रुपयांचे परवाना शुल्क ठरवले. बहुतेक सिसॉप सभासदांकडून मिळेल त्यात किंवा स्वतःच्या पगारातून बोर्ड चालवत. याविरुद्ध ‘फ्री’ नावाचा एक गट उभा राहिला, इलेक्ट्रॉनिक अभिव्यक्तीचा हक्क ही त्याची मागणी. पाठोपाठ १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वेबपाने चित्रांसकट दाखवणारे खाते एका व्यक्तीला वर्षाला १५ हजार रुपयांना पडे. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत खाते मिळे, पण त्यात नुसता मजकूर. महानगरांबाहेरच्या बहुतेकांना वर एसटीडीचे बिल. रात्री अकरानंतर दर पाव होई, म्हणून मराठवाड्यातला इंटरनेटवाला जागरण करणारा माणूस असे.

इथे कोणी म्हणेल, बीबीएस अमेरिकेतही संपलेच की. वेब आल्यावर ते संपणारच होते. खरे आहे. पण ते कसे संपले, यात सगळा फरक आहे. तिथल्या अनेक सिसॉपांनी त्याच फोनलाइनी, तेच मोडेम आणि तोच गावातला ग्राहक घेऊन छोट्या इंटरनेट कंपन्या काढल्या. बोर्ड मेला, पण तो चालवणारा माणूस आणि त्याचे कसब त्या गावातच राहिले. आपल्याकडे नोव्हेंबर १९९८पर्यंत खासगी माणसाला हा धंदा करायची मुभाच नव्हती.

नोव्हेंबर १९९८चे धोरण मात्र चांगले होते, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. परवाना शुल्क पहिली पाच वर्षे माफ आणि पुढे वर्षाला एक रुपया. देशभरासाठी ‘अ’, राज्यासाठी ‘ब’ आणि साधारण एका जिल्ह्याएवढ्या दूरसंचार क्षेत्रासाठी ‘क’ असे तीन वर्ग. बँक हमी ‘अ’ला दोन कोटींची, ‘क’ला तीन लाखांची. चार वर्षांपूर्वी ज्याच्याकडे १५ लाख मागितले, त्याच्यासाठी आता दार उघडले होते. पण हौशी सिसॉपांची पिढी तोवर पांगली होती, नोकऱ्यांत गेली होती, परदेशी गेली होती. वरातीमागून घोडे आले, आणि त्यावर बसायला मोठ्या कंपन्यांखेरीज फारसे कोणी उरले नव्हते.

पुंडलिकनगरात या काळात बीबीएस वापरणारे घर सापडणे अवघड. त्या जाळ्यांवरची माणसे बहुतेक इंग्रजी शिकलेली, शहरी, पगारदार आणि पुरुष होती. ही त्यांची मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. इथे इंटरनेट आले ते प्लायवुडचे कप्पे असलेल्या कॅफेत, तासाच्या भाड्याने. २००१पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लीबोळांत निघाले, मुलामुलींचा हात माउसवर बसला. आणि सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर स्वस्त डेटा घरोघर पोचला. भाजीवाल्या मावशींच्या हातातल्या फोनचा वेग त्या सिसॉपांच्या स्वप्नातही नव्हता. मग जुन्या बोर्डांचे सोयरसुतक कशाला धरायचे?

कारण स्वस्त मिळणे आणि आपल्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते. गल्लीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निरोप असतो तो ‘पाणी आलं’ हा. तो आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडतो. म्हणजे एका घरातून निघालेला निरोप टॉवरवरून कुठल्याशा दूरच्या डेटा सेंटरपर्यंत जातो आणि समोरच्या घरात परत येतो. एरवी हे कोणाला जाणवत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवले गेले, तेव्हा जाणवले. अफवा थांबवायच्या म्हणून जे बंद केले, त्यात शेजाऱ्याला सांगायचा पाण्याचा निरोपही अडकतो. सिसॉपाच्या घरी जाऊन दार ठोठावता येत असे. या कंपन्यांच्या दारापर्यंत पुंडलिकनगरचा माणूस पोचू शकत नाही.

त्या हौशी लोकांची जागा पुढे थोडीफार कोणी भरली असेल, तर ती केबलवाल्यांनी. गच्चीवरून गच्चीवर त्यांनी आधी टीव्हीची वायर नेली, मग त्याच खांबांवरून इंटरनेटची. पावसात लाइन गेली तर ज्याला नावाने हाक मारता येते, जो शिडी घेऊन येतो, तो हा माणूस. आज तोही बहुधा मोठ्या कंपनीचा कमिशनवाला असतो. वायर त्याने टाकलेली, तरी तिच्यातून काय आणि कोणत्या दराने जाईल हे ठरवण्यात त्याचा वाटा नाही.

म्हणून मला पीएम-वाणी ही योजना महत्त्वाची वाटते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नसले तरी. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. किराणा दुकानदार, चहावाला, झेरॉक्सवाला यांपैकी कोणीही सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. १५ लाखांपासून शून्यापर्यंत यायला आपल्याला पंचवीसहून जास्त वर्षे लागली. पण मुळात घोडे पेंड खाते ते वायरच्या दरापाशी. वाय-फाय देणाऱ्या दुकानदाराकडून कंपन्या घरगुती जोडणीचा दर न घेता व्यावसायिक लीज लाइनचा अव्वाच्या सव्वा दर मागत. २०१८च्या धोरणात २०२२पर्यंत १ कोटी हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते, त्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही. अखेर जून २०२५मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही.

या आदेशाने अर्धेच काम होते. दुकानदार बाहेरचे इंटरनेट आत आणून विकणार असेल, तर तो आणखी एक कमिशनवाला होईल. त्याच्या राउटरशेजारी एक साधा संगणक असावा आणि त्यावर वस्तीचे स्वतःचे काही असावे: वॉर्डाचे पाण्याचे वेळापत्रक, गुंठेवारीच्या फायलीला लागणाऱ्या कागदांची यादी, शाळेच्या सूचना, गल्लीतल्या लोकांचे एकमेकांना निरोप. बाहेरची वायर तुटली तरी हे गल्लीत वाचता येईल. १९७८च्या शिकागोतल्या संगणकापेक्षा कितीतरी ताकदवान यंत्र आज जुन्या मोबाइलच्या किमतीत मिळते, तेव्हा अडचण पैशाची नाही. महापालिकेने पाणीपुरवठ्याची झोननिहाय माहिती, कोणत्या टाकीवरून कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटणार ते, कोणालाही उतरवून घेता येईल अशा स्वरूपात रोज द्यावी. पुंडलिकनगर रोडवरच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याला सुरुवात करायला तेवढे पुरेसे आहे.