नावेत कुत्र्याला जागा आहे का?

आपल्या अभ्यासवर्गात कुत्र्या-मांजराचा विषय निघाला की दोनचार पोरं हसतात. ‘गड्या, माणसाला अजून माणूस म्हणत नाहीत आणि तू कुत्र्यावर काय लिहितोस? जनावरांचे लाड ही बंगलेवाल्यांची चैन.’ हे म्हणणं मला हसण्यावारी नेता येत नाही. त्यात राग आहे आणि तो राग खरा आहे. या देशात शतकानुशतकं कुत्र्याची जागा आपल्या वर होती. म्हणूनच प्रश्न नीट मांडला पाहिजे. ज्याला कुत्र्याच्या खाली ठेवलं त्या माणसानं कुत्र्यावर जीव लावावा का? लावला तर कुठल्या नात्यानं?

महाडचं चवदार तळं घ्या. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, कुत्री पीत होती. फक्त आपला माणूस पीत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तर तळं बाटलं म्हणून गावानं शेण-गोमूत्र वापरून ते शुद्ध करून घेतलं. म्हणजे गायीचं मूत चालतं आणि माणसाचा हात चालत नाही! १९३१ साली मुंबईत गांधींची भेट झाली तेव्हा बाबासाहेबांनी हाच हिशेब मागितला. जिथं आम्हाला कुत्र्या-मांजराहून वाईट वागवतात ती भूमी आमची कशी?

पण दोस्तांनो, इथं एक गोष्ट बारकाईनं बघा. तळ्यावर आपल्याला कुत्र्यानं अडवलं नव्हतं. काठी माणसाच्या हातात होती. कुत्र्याला जात कळत नाही. त्याला वास कळतो, हात कळतो, भाकरी कळते. ही उतरंड कुत्र्यानं रचलेली नाही. आपली लढाई उतरंडीशी आहे. कुत्र्याला खाली ढकलून आपण एक मडकं वर सरकलो तर उतरंड मोडत नाही, तळाला फक्त दुसरं कोणीतरी येतं.

आणि कुत्रं आपल्याला परकं कधी होतं? आमच्या आज्जीच्या सासऱ्याकडं येसकरकी होती. आज्जी सांगते, रात्री वेशीवर म्हातारा बसायचा नि त्याच्या पायाशी कुत्रं. दिवेलागणीला दारोदार उभं राहून शिळी भाकरी मागायची. त्याच टोपल्यातली घरच्या पोरांना, त्याच टोपल्यातली कुत्र्याला. दोघांनी गाव राखायचं, आणि गावानं दोघांना उष्टं टाकायचं. फरक एवढाच की कुत्रं पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसलं तर हाकलून देत, आणि म्हातारा बसला असता तर हाडं मोडली असती. त्या फरकाचा राग म्हाताऱ्यानं कुत्र्यावर काढला नाही. आपल्या अडाणी पूर्वजाला जे कळत होतं ते आपल्याला पुस्तकं वाचून कळू नये?

आता घरचं सांगतो. आम्ही शिरोळ तालुक्यातले. बुद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं. पूर आला की पहिलं पाणी आमच्या चुलीत. घरात आई, आज्जी, धाकटी बहीण आणि मी. शिवाय काळ्या कुत्रं, मनी मांजर, चांदी शेळी आणि तिचं करडू. बाप गेल्यापासून मी सूतगिरणीत डॉफर. तिसरी पाळी करून सकाळी आलो की काळ्या फाट्यापर्यंत सामोरा यायचा. अंगाला चिकटलेला कापूस हुंगायचा. गिरणीत आठ तास यंत्राशिवाय कुणी माझी वाट बघत नाही. तो बघायचा. मनी आज्जीच्या पोटाशी झोपायची. आज्जीला ऊब लागायची, मांजरालाही. कोण कुणाला पाळतं हे आमच्या घरात कधी ठरलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही चढल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही नद्या आमच्या तालुक्यात नरसोबाच्या वाडीला मिळतात, त्यामुळं पाणी निघून जात नाही, मागं फुगत येतं. वाड्यात नाव आली. जवान म्हणाला, फक्त माणसं. त्याचं काही चूक नव्हतं. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं बुडाली होती. वजन बघूनच घ्यावं लागत होतं. आज्जी म्हणाली, ‘जित्राबं सोडून म्या येत न्हाई.’ ती एकटी नव्हती. त्या पुरात गावोगाव माणसं जनावरांपायी अडून बसली होती.

शेजारच्या स्लॅबवर शेळी नि करडू चढवलं, वैरण टाकली. मनीला आज्जीनं पदराखाली घेतलं. जवानानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. काळ्याला शेळ्यांजवळ सोडलं, बांधलं नाही. बांधलेलं जनावर पुरात मरतं हे आमच्याकडं पोरासोरालाही ठाऊक आहे. नाव सुटली तशी त्यानं पाण्यात उडी टाकली. थोडा पोहत आला. मग धार लागली आणि तो परत वळला. आठ दिवसांनी पाणी उतरलं. चांदी हाडाची काडी होऊन उभी होती. करडू मेलेलं. काळ्या कुठंच नव्हता.

मग पंचनामा आला. तेव्हाचा सरकारी दर असा: दुभत्या गायी-म्हशीला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, शेळीला ३,०००, कोंबडीला ५०. बहिणीनं विचारलं, ‘आमच्या कुत्र्याचं?’ लिहिणारा माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, ‘बाळ, कुत्र्याला रकाना न्हाई.’

रकाना नसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जे दूध देतं, ओढतं, कापता येतं त्याला भाव. बाकीचं मोजायचंच नाही. माझाही भाव गिरणीत पाळीवर ठरतो. पण काळ्या फाट्यावर उभा राहायचा तेव्हा तो डॉफरला सामोरा येत नव्हता, मला येत होता. भाव आणि मोल यातला फरक मी अर्थशास्त्रात शिकलो नाही, त्या फाट्यावर शिकलो. पैसे मिळाले नाहीत म्हणून मी हे सांगत नाही. पैसे घेऊन आम्ही काय केलं असतं? नाव लिहून घेतलं असतं तरी बहीण गप्प झाली असती.

इथं दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. पहिला: काळ्याला सोडून नावेत बसलो हे पाप का? नाही. नावेत माणूस आधी. हे मी ठणकावून सांगतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली आला. त्यात अहिंसेबद्दल लिहिताना त्यांनी गरजेपोटी मारणं आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. अहिंसा हा डोळे मिटून पाळायचा नियम नाही, विचार करून लावायचं तत्त्व आहे. सोडण्यालाही मी तोच फरक लावतो. आम्ही सोडलं ते गरजेपोटी. दुसरा प्रश्न त्याच्या पुढचा: सोडल्यावर ‘हॅ, कुत्रंच ते’ असं म्हणायचं का? तसं म्हणणं ही गरज नसते. तिथं इच्छा सुरू होते. आपल्याला वेशीबाहेर ठेवणाऱ्यांनीही ‘महारच तो’ एवढंच म्हणून हात झटकले होते.

त्याच ग्रंथात करुणेच्या पुढं मैत्री सांगितली आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जीवांपर्यंत. आणि मैत्री म्हणजे दया नव्हे. दया वरून खाली पडते, शिळ्या भाकरीसारखी. ती आपण पिढ्यान् पिढ्या खाल्ली आहे, तिची चव आपल्याला विचारा. या देशात दया फार आहे. मुंग्यांना साखर घालतात. गायीला माता म्हणतात. आणि २०१६ च्या जुलैत गुजरातमध्ये उना इथं मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून फोडून काढलं. जी दया गायीपाशी सुरू होते आणि माणसाच्या पाठीवर वळ उठवते, तिला माझ्या लेखी दया हे नावही नाही. तिथल्या आपल्या लोकांनी मग मेलेली गुरं उचलायचं नाकारलं, सरकारी कचेरीपुढं नेऊन टाकली. महाडच्या परिषदेनं १९२७ सालीच मेलेली ढोरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं होतं. हे दोन्ही नकार जनावराला नव्हते. जनावराच्या आडून आपली पायरी ठरवणाऱ्याला होते.

चैन म्हणणाऱ्या पोरांसाठी आणखी एक. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो बघा. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. आणि त्या घरच्या माणसांत टॉबी नावाचं कुत्रं. गांधींना कुत्र्या-मांजराचा हिशेब विचारून तीन वर्षंही झाली नव्हती. ज्यानं तो हिशेब मागितला त्याच्याच घरच्या फोटोत कुत्रं बसलं आहे. त्याला कुठं विसंगती वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या खेपेला वाड्यातल्या पोरांनी नावेची वाट बघितली नाही. वहीत यादी केली. घर, माणसं, म्हातारीकोतारी, गरोदर बाया, आजारी, आणि शेवटी जित्राबं. त्यात कुत्री-मांजरंसुद्धा. पाणी रस्त्याला लागायच्या आत टेंपो भरून सगळी वरच्या माळावर नेली. कागदावर नसलेला रकाना आम्हीच पट्टीनं ओढला. पट्टी माझ्या बहिणीनं धरली होती.

म्हणून नदीकाठच्या साथींना माझं सांगणं आहे. पावसाळ्याच्या आधी आपापल्या वाड्याची अशी वही करा. माणूस पहिल्या पानावर ठेवा, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटचं पान फाडू नका. नावेत माणसं आधी बसू द्या, आणि नाव सुटताना दुसऱ्या खेपेची मागणी करायला विसरू नका. आपणही किती पिढ्या काठावर उभं राहून त्या दुसऱ्या खेपेची वाट बघितली आहे.

जयभीम.