उगारलेली तलवार

थीसियसच्या चेहऱ्यावर राग नाही.

अंत्वान-लुई बारी या फ्रेंच शिल्पकारानं १८४३च्या सुमारास घडवलेलं हे ब्राँझ. उंची जेमतेम हातभर. ग्रीक पुराणकथेतला वीर थीसियस आणि बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर एकमेकांना भिडलेत. मिनोटॉरचं अंग पिळवटलेलं आहे, त्यानं थीसियसच्या पायाला पायाचा विळखा घातलाय. वर आखूड तलवार. ती खाली येणार, हे दोघांनाही कळलेलं आहे. आणि थीसियसच्या कपाळावर एक आठीसुद्धा नाही.

रागावलेलं माणूस आपण ओळखतो. त्याचा आवाज चढतो, मान ताठ होते, आपण बाजूला होतो. घरातलं ओरडणं बहुधा संध्याकाळपर्यंत विरतं. शांतपणे बोललेलं एखादं वाक्य मात्र वर्षानुवर्षं घरात राहतं.

पण थीसियसवर ठपका तरी कसा ठेवायचा? अथेन्सहून सात मुलं आणि सात मुली क्रीटच्या भूलभुलैयात पाठवल्या जात. मिनोटॉर त्यांना खाई. तो मेला नसता तर ती मुलं मेली असती. तलवार उगारायलाच हवी होती, याबद्दल मला शंका नाही.

तरी कथेची सुरुवात आठवते. राजा मायनॉसनं पोसायडन देवाला एक बैल अर्पण करायचं कबूल केलं आणि तो देखणा बैल स्वतःकडेच ठेवला. देव कोपला, राणीला त्याच बैलाचं वेड लागलं, त्यातून हे मूल झालं. शब्द मोडला राजानं. कोंडलं गेलं ते पोर. त्याला नावही होतं, अस्टेरियस. ते फारसं कुणी घेत नाही.

बारीनं जन्मभर जनावरं पाहिली. पॅरिसच्या जार्दां दे प्लांतमधल्या पिंजऱ्यांसमोर तो चित्रकार देलाक्रवाबरोबर रेखाटनं करी. मेलेल्या प्राण्यांची शरीरंही त्यानं अभ्यासली. सिंहाच्या खांद्यात जोर कुठून येतो, हे त्याला ठाऊक होतं. अशा माणसानं सगळी तडफड जनावराच्या वाट्याला दिली आणि माणसाला कोरा चेहरा दिला, हे मला सहज घडलेलं वाटत नाही.

या शिल्पाच्या छायाचित्रावर तळहात ठेवून दोन्ही डोकी झाकून पाहावीत. उरतात दोन तरुण, कुस्तीत गुंतलेले. कुठला पाय कुणाचा, हे क्षणभर शोधावं लागतं.

त्या काळी पॅरिसमधले हौशी लोक असली छोटी ब्राँझं विकत घेऊन दिवाणखान्यात मांडत. घरातली माणसं येता-जाता ती पाहत असतील. त्यांतल्या बहुतेकांनी थीसियसचीच बाजू घेतली असणार. मीही त्याचीच घेतो. निदान डोकी दिसत असेपर्यंत.