प्रवाहाचे स्वामित्व

वारा, ऊन आणि वाहते पाणी यांना धनी नसतो, ही समजूत फार जुनी आहे. शेताला बांध घालता येतो, विहिरीला काठ बांधता येतो, गुराला दावे लावता येते; वाऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून मालकीची कल्पना माणसाने मुख्यतः स्थिर वस्तूंच्या आधाराने घडवली आणि प्रवाही वस्तू सर्वांच्या म्हणून सोडून दिल्या. परंतु वारा जेव्हा पवनचक्कीचे पाते फिरवू लागतो, ऊन जेव्हा काचेच्या तावदानावर पडून वीज होते आणि ती वीज वर्षानुवर्षांच्या कराराने विकली जाते, तेव्हा ही समजूत अडचणीत येते. जे कोणाचेच नव्हते त्यातून एखाद्या घराण्याची पिढीजात मिळकत उभी राहते. या मिळकतीचे नैतिक अधिष्ठान कोणते?

यावर एक सरळ उत्तर दिले जाते. कंपनी वाऱ्यावर हक्क सांगत नाही. यंत्र तिचे, भांडवल तिचे, बुडण्याचा धोकाही तिचा, आणि मोबदला त्याचाच. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. वारा सर्वत्र सारखा वाहत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर तो वाहतो तसा खालच्या खोऱ्यात वाहत नाही. तमिळनाडूत मुप्पंदलच्या परिसरात मिळतो तसा शेजारच्या जिल्ह्यात मिळेलच असे नाही. म्हणजे दुर्मीळ आहे ती जागा, वारा नव्हे. आणि जागा सहसा मोकळी नसते. तेथे आधीपासून कोणीतरी नांदत असते.

हा प्रश्न आजचा वाटला तरी महाराष्ट्राने तो शंभर वर्षांपूर्वी अनुभवला आहे. टाटा घराण्याने १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन केली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस एरवी पूर्वेकडे वाहून जातो. तो अडवून पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडायचा आणि त्या वेगावर वीज निर्माण करायची, अशी ती योजना होती. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. कोळशाचा धूर कमी झाला, परकीय राजवटीत देशी भांडवलाने एक अवघड काम सिद्धीस नेले. पुढे नीला आणि मुळा या नद्यांचे पाणी मुळशी येथे अडवायचे ठरले. त्या खोऱ्यातली गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली आणि कारावासही याच लढ्याने दिला. १९२४ पर्यंत लढा ओसरला, धरण झाले, आणि १९२७ साली भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले.

मुळशीचा प्रसंग नैतिक विचाराला महत्त्वाचा वाटतो तो त्यात कोणी खलपुरुष नाही म्हणून. हेतू लोकोपयोगी होता, घराणे नेकीसाठी ख्यातकीर्त होते, आणि १८९४ चा भूसंपादनाचा कायदा त्यांच्या बाजूने होता. गांधीजींनी १९२१ मध्येच ‘यंग इंडिया’त लिहिताना टाटांच्या थोरवीबद्दल शंका घेतली नाही, त्यांनी कायदेशीर हक्कावर अडून न बसता त्या लोकांशीच बोलून त्यांची समजूत पटवावी, अशी इच्छा मात्र व्यक्त केली. या एका सूचनेत सगळ्या वादाचा गाभा आहे. कायदा भरपाई देऊ शकतो. संमती मिळवून देऊ शकत नाही. शिवाय त्या खोऱ्यातल्या अनेक जमिनींचे मालक पुण्याचे सावकार होते. पैशाच्या भाषेत त्यांचे समाधान होण्याजोगे होते. जमीन कसणाऱ्या कुळाला ती भाषा उपयोगाची नव्हती, कारण भरपाई मालकीची होती, कसण्याची नव्हती.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. या घराण्याच्या संपत्तीचा मोठा वाटा पुढे सार्वजनिक विश्वस्त निधींकडे गेला. मुंबईची समाजविज्ञान संस्था १९३६ साली आणि कर्करोगाचे रुग्णालय १९४१ साली त्यांतून उभे राहिले. जे समाजाकडून घेतले ते समाजाला परत दिले, मग तक्रार कशाची? आक्षेप वजनदार आहे, परंतु ‘समाज’ या शब्दाने त्यात एक फट झाकली जाते. ज्याचे घेतले तो एक आणि ज्याला दिले तो दुसरा. मुंबईत बरा होणारा रुग्ण हे मोठे पुण्य खरे. पण त्याने मुळशीच्या शेतकऱ्याचे देणे फिटत नाही. दान आणि ऋणफेड या दोन भिन्न क्रिया आहेत. दानात देणारा घेणाऱ्याची निवड करतो. ऋणफेडीत ती मोकळीक नसते. गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीचा अर्थही केवळ औदार्य असा होत नाही. विश्वस्ताला लाभार्थी निवडता येत नाही, तो आधीच ठरलेला असतो.

पाण्याने गाव बुडते, ऊन-वाऱ्याने बुडत नाही, हा भेद मान्य केलाच पाहिजे. कोळशाने तापलेल्या जगात सूर्याची वीज नाकारणे हेही एक अनैतिक कृत्यच ठरेल. त्याची किंमत पुन्हा कोरडवाहू शेतकरी आणि किनाऱ्यावरचा कोळी यांनाच भरावी लागेल. पण साध्य निर्मळ असले म्हणजे साधन तपासण्याची गरज सरते, असे नाही. उलट निर्मळ साध्याच्या बाबतीतच ही तपासणी टळण्याचा संभव अधिक, कारण प्रश्न विचारणारा प्रगतीचा वैरी ठरतो. मुळशीकरांना हेच ऐकावे लागले.

मुळशीचा धडा कायद्याने उशिरा का होईना, घेतला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती आवश्यक केली आणि कुळे व शेतमजूर यांनाही बाधितांत गणले. परंतु सौरप्रकल्प पुष्कळदा संपादनाच्या वाटेने येतच नाहीत. कर्नाटकातील पावगडा या दुष्काळी तालुक्यात सुमारे १३,००० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन २,०५० मेगावॉटचे सौरक्षेत्र उभारण्यात आले. शेतकऱ्याची मालकी शाबूत राहिली, बेभरवशाच्या पिकाऐवजी ठराविक भाडे आले. मुळशीच्या तुलनेत ही मोठीच सुधारणा होय. मात्र ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो त्याच शेतात खुरपणी करून जगत होता, त्याला भाडे नाही. जैसलमेरकडे तर आणखी वेगळे चित्र दिसते. तेथील ओरण म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेली कुरणे. उंट-मेंढ्या तेथे चरतात, माळढोक तेथे वावरतो. महसुली दप्तरात त्यांपैकी अनेकांची नोंद सरकारी पडीक जमीन अशी आहे. दप्तराला जे पडीक दिसते ते गुराख्याला तसे दिसत नाही. विजेच्या तारांवर आदळून मरणाऱ्या माळढोकाची बाजू २०२१ आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतली. गुराख्याची बाजू मांडणे त्याहून अवघड आहे, कारण त्याच्या हक्काला कागद नाही.

घराण्याच्या मालकीचा विचार येथे पुन्हा करावा लागतो. कौटुंबिक उद्योगाचा गौरव सातत्यासाठी केला जातो: नातवाला जबाब द्यावा लागेल या भावनेने आजोबा दूरचे पाहतो. हे सत्य आहे. पण भाताचे खाचर किंवा ओरण राखणारेही घराणेच असते. त्याचेही आजोबा-नातू असतात. एका घराण्याचे सातत्य भागपत्रांत नोंदले जाते, दुसऱ्याचे सातत्य भरपाई घेतली त्या दिवशी संपते. अन्याय असेल तर तो या विषमतेत आहे, नफ्यात नव्हे.

दुसरी वाट अशक्य नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि सिंचनानंतर उरलेली वीज ते २०१६ पासून विकू लागले. आकार लहान आहे. मोठ्या शहराची भूक त्याने भागणार नाही आणि भांडवलदार घराण्यांची गरजही संपणार नाही. परंतु सहकाराची ओळख प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून ज्या देशाला आहे, तेथे मोठ्या प्रकल्पातही जागा देणाऱ्याला आणि जागेवर राबणाऱ्याला भाड्याऐवजी भाग का देऊ नये, या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक असू शकत नाही. भाडे घेणारा उपकृत राहतो. भागीदार प्रश्न विचारू शकतो. गांधीजींनी १९२१ साली सुचवलेले ते संभाषण भागीदारीतच शक्य होते.

भिऱ्याला खाली उतरलेले मुळशीचे पाणी कुंडलिका नदीतून आजही समुद्राकडे जाते. ते पाणी कोणाचे, याचा निर्णय त्याने कधी केला नाही. तो माणसांनाच करावा लागतो, आणि शक्यतो धरण बांधण्यापूर्वी.